शाळेचा रुपया: शेतसाऱ्यापासून घरपट्टीपर्यंत

महाराष्ट्रातल्या शहरांत घरपट्टीचे बिल आले की बहुतेक जण शेवटची रक्कम पाहतात आणि कागद बाजूला ठेवतात. त्याच बिलात मधल्या रांगांत कुठेतरी ‘राज्य शिक्षण कर’ अशी एक नोंद असते. हा कर महापालिका किंवा नगरपालिका गोळा करते, पण तो तिचा नव्हे. तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. १९६२ च्या एका कायद्याने तो लागू झाला. सरकारी शाळा चालवायची तर पैसा कोणाकडून घ्यायचा, या प्रश्नाला या प्रदेशाने गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतले एक उत्तर म्हणजे घरपट्टीतली ही ओळ. आधीची उत्तरे पाहिली तर कधी शेतकऱ्याचा सारा, कधी दारूचा गुत्ता, कधी मुंबईतल्या चाळींचे भाडे अशा ठिकाणांहून शाळेचा पैसा आलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातली शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत ती भरे, आणि पंतोजींना पालकांकडून थोडे धान्य, थोडी रोकड, सणाला शिधा मिळे. सरकारचा त्यात पैसा नव्हता. १८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने शिक्षणासाठी वर्षाला १ लाख रुपये बाजूला काढावेत असे ठरले, पण ते कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी होते. १८५४ चा शिक्षणविषयक वुडचा खलिता आला, त्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते निघाले आणि क्लॉडियस अर्स्किन त्याचे पहिले संचालक झाले. खाते निघाले, पण पैसा नव्हता. गावाने मास्तरांच्या पगाराचा काही भार उचलावा आणि उरलेला सरकारने, अशी तोड त्या काळी निघाली. ती टिकाऊ ठरली नाही. सुगी चांगली असली की गाव पैसे देई. पाऊस हुकला की मास्तरांचा पगारही हुके.

म्हणून १८६३ मध्ये मुंबई सरकारने जो मार्ग काढला तो जवळून पाहावा असा आहे. शेतकऱ्याने भरायच्या शेतसाऱ्यावर रुपयामागे १ आणा जादा घ्यायचा. या पैशाला लोकल फंड म्हणत. त्या आण्याचे दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना आणि एक हिस्सा शाळांना. आण्याचे १२ पै, म्हणजे शाळेच्या वाट्याला रुपयामागे ४ पै. सुरुवातीला ही पट्टी रयतेच्या संमतीने घेतली जाते असे सांगितले जाई. १८६९ च्या मुंबईच्या तिसऱ्या कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला. गावोगावच्या प्राथमिक शाळांना पहिल्यांदाच दरसाल ठरलेला पैसा मिळू लागला. जिल्ह्याच्या साऱ्याचा आकडा माहीत असला की शाळांना किती मिळणार हे कागदावर मांडता येई. नियमित वसूल होणारा, अंदाज बांधता येणारा आणि शाळेच्या नावाने राखून ठेवलेला पैसा ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पण तो पैसा कोणाचा होता? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांत हा कर बसला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, आणा मात्र राहिला. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला, आणि या सगळ्यातून साऱ्याबरोबर लोकल फंडाचा आणाही वसूल होत राहिला. शहरातला वकील, व्यापारी, सरकारी कामगार यांना हा आणा लागत नव्हता, कारण त्यांच्या नावावर सारा नव्हता. आणि शाळा निघत त्या मोठ्या गावांत, बाजारपेठेच्या ठिकाणी. ज्या वाडीतून पै वसूल झाली तिथे शाळा असेलच असे नव्हते.

ही विसंगती सर्वांत स्पष्टपणे मांडली ती जोतीराव फुले यांनी. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी पुण्याहून जे निवेदन दिले ते शिक्षणविषयक म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या मते ते तितकेच महसूलविषयक आहे. सरकारी तिजोरीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, वरच्या वर्गांचा त्यात वाटा थोडा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो, असा त्यांचा हिशेब होता. इलाख्यातल्या जवळजवळ नऊदशांश गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही, हे त्यांनी आयोगासमोर ठेवले. मागण्याही नेमक्या होत्या. निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. लोकल फंडाचा तिसरा नव्हे, निदान अर्धा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणासाठी ठेवावा. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च स्वतः सोसावा. प्रांतिक सरकारनेही भरीव मदत द्यावी. कोणाकडून घ्यायचे, किती घ्यायचे आणि कुठे खर्च करायचे, या तिन्ही गोष्टी एका माणसाने एका कागदावर इतक्या सुसंगतपणे मांडलेल्या पाहिल्या की आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

फुले यांच्या हयातीत यातले फारसे घडले नाही. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली आणि फंडाचा कारभार त्यांच्याकडे गेला, पण आणा तोच राहिला.

सक्तीच्या शिक्षणाचा खर्च झेपतो, हे आधी दाखवले ते संस्थानांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचे आणि मोफत शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. गोखले मुळात अर्थसंकल्पाचे माणूस, त्यामुळे त्यांच्या विधेयकाचा गाभाही खर्चाची वाटणी हाच होता: एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलायचा आणि दोन हिस्से सरकारने. ज्या पालकाची मिळकत महिना १० रुपयांपेक्षा जास्त नाही त्याच्याकडून फी घ्यायची नाही. सक्तीही एकदम सगळीकडे नव्हे. जिथे आधीच ठराविक प्रमाणात मुले शाळेत येतात त्याच भागात. इतके सावध विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही, हे सरकारचे एक मोठे कारण होते. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या छोट्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला आणि खर्च दरबारने उचलला. साम्राज्याच्या तिजोरीला जे परवडत नव्हते ते कोल्हापूरला परवडले.

यानंतरचा काळ मला या साऱ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटतो.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. कारभाराची काही खाती गव्हर्नराच्या हाती राखून ठेवली, काही निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवली. शिक्षण सोपीव खात्यांत आले. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले रँग्लर र. पु. परांजपे, आणि त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. शाळांचा कारभार त्याने स्थानिक संस्थांच्या शाळामंडळांकडे दिला. आता शाळा वाढवायच्या तर पैसा हवा. जमीन महसूल हा उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा, पण तो राखीव खात्यात. सोपीव खात्यांपैकी खरोखर पैसा आणणारे खाते एकच होते: अबकारी. देशी दारू, ताडी, अफू, गांजा यांवरचा कर. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखाल उत्पन्न अबकारीचे होते. म्हणजे शिक्षण वाढवू पाहणाऱ्या लोकनियुक्त मंत्र्यांसमोर कात्रीच होती. दारूबंदी करावी तर शाळांचा पैसा जातो. शाळा काढाव्यात तर गुत्ते चालू ठेवावे लागतात. आणि गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, शेतमजूर हेच गुत्त्यावरचे मुख्य गिऱ्हाईक.

१९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थसंकल्पावर बोलताना हाच दुवा पकडला. इलाख्यात माणशी शिक्षणावर खर्च होतो वर्षाला १४ आणे, आणि अबकारीतून माणशी वसूल होतात २ रुपये २ आणे ९ पै. जवळजवळ अडीच पट. लोकांकडून दारूच्या रूपाने जितके घेता निदान तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक आकडा दिला: प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. उरलेली ८२ मधेच गळतात आणि शिकलेले विसरून जातात, म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्च वाया जातो. अर्थशास्त्राचा पदवीधर बोलत होता, त्यामुळे युक्तिवाद दयेचा नव्हता, हिशेबाचा होता. अर्धवट खर्च हा सर्वांत महाग खर्च असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदीचे वचन दिलेले होते आणि शिक्षणाचेही. आपल्या मुलांना शिकवायला दारूच्या उत्पन्नाखेरीज हाती काही नाही, याची गांधीजींना फार टोचणी होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकिर हुसेन समिती आणि नयी तालीम निघाली. मुलांनी सूतकताई, शेती, सुतारकाम अशा हस्तोद्योगातून शिकावे आणि त्या मालातून शाळेच्या खर्चाला हातभार लागावा, ही कल्पना आज शिक्षणपद्धती म्हणून अभ्यासली जाते. पण तिच्या जन्मामागे गुत्त्याचा पैसा नको, ही निकड होती. मला हे उत्तर पटत नाही. मुलांच्या श्रमातून मास्तरांचा पगार काढायचा तर शाळेचे कारखान्यात रूपांतर व्हायचा धोका असतो, आणि तेव्हाही अनेकांनी तो बोलून दाखवला होता. तरी त्या निकडीची सचोटी नाकारता येत नाही.

मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने दुसरी वाट धरली. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. बुडालेले अबकारी उत्पन्न भरून काढायला शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या १० टक्के कर बसवला गेला. घरमालक उच्च न्यायालयात गेले. हा खरा प्राप्तिकर आहे आणि तो बसवायचा अधिकार प्रांताला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. कर जमीन आणि इमारतींवरचा आहे आणि प्रांताला तो घेता येतो, असा निकाल झाला. एका अर्थाने इथे मोठे वळण आले. सुमारे पाऊणशे वर्षे खेड्यातल्या साऱ्यावर आणि मजुराच्या ग्लासावर उभा असलेला खर्च पहिल्यांदा शहरातल्या मालमत्तेकडे वळला.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले तेव्हा शाळांच्या पैशाच्या तीन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या. जुन्या मुंबई राज्याच्या भागात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेशात, १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालची जिल्हा शाळामंडळे होती. विदर्भात मध्य प्रांताच्या जनपद सभा होत्या. मराठवाड्यात निजामाच्या काळापासून शाळा थेट सरकारी खात्याच्या होत्या आणि शाळांची संख्याच कमी होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि या तिन्ही व्यवस्था एका छत्राखाली गेल्या. ‘जिल्हा परिषदेची शाळा’ हे नाव खेड्यापाड्यांत तेव्हापासून रुजले. शाळा जिल्हा परिषदेची, पण गुरुजींच्या पगाराचा पैसा राज्य सरकारचा, ही रचना आजही तशीच आहे. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न इतके तोकडे असते की त्यातून फार तर एखाद्या वर्गखोलीची दुरुस्ती होईल.

१९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न ही मर्यादा त्या पिढीतल्या माणसांना आजही आठवते. ‘ईबीसीवर शिकलो’ असे सांगणारे लोक घरोघरी आहेत. फी गेली, मुले वाढली, खर्च वाढला. त्याच सुमारास १९६२ चा शिक्षण उपकर कायदा आला: शहरांतल्या जमिनी आणि इमारतींवर कर, आणि नगदी पिकांच्या शेतीवर विशेष आकारणी. म्हणजे सरसकट प्रत्येक साऱ्यावर आणा नव्हे, तर ज्याच्याकडे ऊस किंवा इमारत आहे त्याच्याकडून. फुले यांच्या निवेदनानंतर ८० वर्षांनी का होईना, भार उचलणाऱ्यांची निवड थोडी न्याय्य झाली. सत्तरच्या दशकात याच कायद्यात रोजगार हमीचा कर जोडला गेला. म्हणून घरपट्टीच्या बिलात या दोन नोंदी शेजारी शेजारी दिसतात.

माध्यमिक शिक्षणाची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात पाचवी ते दहावीच्या शाळांचा मोठा भाग सरकारने काढलाच नाही. तो रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी काढला आणि सरकारने त्यांना अनुदान दिले. शिक्षकांचा पगार पूर्ण सरकारचा, वर इमारत, खडू, वीज अशांसाठी वेतनेतर अनुदान. ही व्यवस्था राज्याचे मोठे बळ होती. पुढे सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ अशी अट घालून शाळांना परवानगी द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ वगळला गेला आणि मग टप्प्याटप्प्याने २०, ४० टक्के अशी अनुदानाची वाट सुरू झाली. या टप्प्यांची वाट पाहण्यात हजारो शिक्षकांची उमेदीची वर्षे बिनपगारी किंवा अर्ध्या पगारावर गेली. आझाद मैदानावर होणारी त्यांची आंदोलने हा राज्याच्या शिक्षणखर्चाचाच भाग मानला पाहिजे, कारण सरकारने न केलेला तो खर्च या माणसांनी आपल्या संसारातून केला.

शिक्षणावर एकूण किती खर्च व्हावा याचा देशातला सर्वांत प्रसिद्ध आकडा ठरवण्यातही कोल्हापूरच्या मातीतल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचा प्रयोग उभा करणारा हा माणूस शिक्षणाच्या अर्थकारणाचा मोठा जाणकार होता. १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे आयोगाने सांगितले. प्रत्येक शैक्षणिक धोरणात हा आकडा पुन्हा लिहिला गेला. देश अजून तिथे पोहोचलेला नाही.

केंद्राने २००४ मध्ये प्राप्तिकरासारख्या आपल्या करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. साऱ्याच्या रुपयामागे ४ पै म्हणजे साधारण २ टक्केच होतात, हा योगायोग मला थक्क करतो. २००७ मध्ये त्यात माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला आणि २०१८ पासून प्राप्तिकरावर आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के झाला. पण उपकराचा पैसा वित्त आयोगाच्या वाटपात येत नाही, त्यामुळे राज्यांना त्यातला हक्काचा हिस्सा मिळत नाही. तो येतो केंद्राच्या योजनांतून. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० आणि महाराष्ट्राचे ४० असे प्रमाण आहे. योजनेचे नाव आणि फलक ठळक दिसतात, तरी शाळा चालवायचा मुख्य भार, म्हणजे पगार, राज्यच उचलते.

तो पगार किती शिक्षकांचा, हे ठरते पटावर. दरवर्षीच्या संचमान्यतेत शाळेची पटसंख्या पाहून पदे मंजूर होतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४. पट एका मुलाने घसरला तरी एक पद जाऊ शकते. पटावर पैसा अवलंबून असला की पट फुगवण्याचा मोह होतो. नांदेड जिल्ह्यात तपासणीत खोटी पटनोंदणी उघड झाली, आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यातल्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारांप्रमाणे मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. कागदावरचा पट आणि बाकांवरची मुले यांत अनेक ठिकाणी मोठी तफावत निघाली.

उलटा धोका मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या वाड्यांना आहे. तिथे पट खरा असतो आणि लहान असतो. १२ मुलांच्या शाळेत माणशी खर्च जास्त येणारच, म्हणून ती बंद करून मुलांना दूरच्या शाळेत पाठवावे असा सूर अधूनमधून निघतो. पावसाळ्यात ओढा ओलांडणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत माणशी खर्च हे माप मला मान्य नाही. तिथे शाळा असणे हाच खर्चाचा हेतू आहे.

पगाराशिवाय शाळेच्या हाती प्रत्यक्ष किती पैसा येतो? समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे ठरते: ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १ हजारापर्यंत ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात वीजबिल, इंटरनेट, खडू, प्रयोगाचे साहित्य, किरकोळ दुरुस्ती. ३० मुलांच्या शाळेला महिन्याला हजार रुपयेही पडत नाहीत. वीजबिल थकले म्हणून मीटर काढून नेलेल्या शाळा आणि स्वतःच्या खिशातून बिल भरणारे मुख्याध्यापक या हिशेबातून जन्माला येतात.

या पैशावर गावाचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे, हे मात्र पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सरकारकडून आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो यावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम आहे. २२ वे कलम आणखी पुढे जाते. समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा, आणि सरकारच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असला पाहिजे. तीन वर्षांचा हा आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार करायचा असतो. किती मुले येणार, किती शिक्षक हवेत, कोणती खोली गळते, मुलींचे स्वच्छतागृह कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यात पालकांनी लिहायचे असते, आणि त्यावर समितीच्या अध्यक्षांची सही लागते.